लाल ठिपक्यांचे अप्पा

कळंबला अप्पांकडे उतरलेला पाहुणा रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठला, तरी चुकीचं बटण दाबत नाही. घरातल्या प्रत्येक स्विचबोर्डावर अप्पांनी लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले आहेत. दिव्याला एक, पंख्याला तीन. "पंख्याला पाती किती? तीन. मग?" विहिरीवरच्या मोटरच्या बटणाला मात्र ठिपका नाही, काळा दोरा आहे. "ते बटण बघायचं नसतं, त्याला घाबरायचं असतं." ठिपका चांगला जाड द्यायचा, वाळला की वर दुसरा हात द्यायचा, म्हणजे अंधारात नुसत्या बोटाला लागतो. नेलपॉलिश मुलीच्या लग्नातलं उरलेलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, बाटली अजून चालू आहे.

अप्पा माझे मामा. पण सगळं गाव त्यांना अप्पा म्हणतं, म्हणून मीही. नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरायचं, बस किंवा रिक्षा धरायची, निर्मळ मागे टाकायचं, आणि सुरूची झाडं दिसायला लागली की कळंब आलं. तिथे त्यांची थोडी केळी, थोडे नारळ, मागच्या अंगाला चार खोल्या आणि पुढच्या पडवीत खानावळ. आजूबाजूला रिसॉर्टं झाली. अप्पा आपल्या जागेला रिसॉर्ट म्हणत नाहीत. "त्यांच्याकडे स्विमिंग पूल आहे. माझ्याकडे समुद्र आहे, तो काय मी बांधलेला नाही."

चार खोल्यांना नंबर नाहीत. एका किल्लीला शिंपला बांधलाय, दुसरीला सुरूचं बोंड, तिसरीला करवंटीचा तुकडा, चौथीला जुन्या रेडिओचं बटण. आणि ज्या किल्लीला जे, तेच त्या खोलीच्या दारावर खिळ्याला टांगलेलं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "अप्पा, एक-दोन-तीन-चार लिहायला काय झालं होतं?" अप्पांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "रात्री समुद्रावरून माणूस कुठल्या अवस्थेत परत येतो, ते तुला माहीत नाही. त्याला आकडा वाचता येत नाही. बोंड कळतं."

मी मालाडच्या एका कंपनीत काम करतो. आईने गावात सांगून ठेवलंय की मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे. अप्पांनी एकदा खोदून विचारलं, कॉम्प्युटरमध्ये म्हणजे नक्की काय करतोस? मी म्हटलं, फोनच्या स्क्रीनवर कुठलं बटण कुठे असावं, केवढं असावं, त्यावर काय लिहावं, ते ठरवतो.

"ह्याचा पगार देतात?"

"देतात."

अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मामीला हाक मारून म्हणाले, "अगं, ऐकलंस का, मी चाळीस वर्षं फुकट करतोय."

यंत्रापुढे उभं राहिलं की माणसांच्या दोन जाती पडतात. एक मोठी. एटीएमने कार्ड परत फेकलं, अर्ज तिसऱ्यांदा कोरा झाला, ओटीपी येईपर्यंत वेळ संपली, की ही माणसं खाली मान घालून म्हणतात, "माझंच काहीतरी चुकलं असेल." माझी आई ह्या जातीतली. बी.ए. झालेली, सगळ्या चुलत-मावस सुनांची बाळंतपणं निभावलेली बाई, पण फोनने लाल अक्षरात काही लिहिलं की शाळेत छडी खाल्ल्यासारखा तिचा चेहरा होतो. दुसऱ्या जातीत मला माहीत असलेला माणूस एकच. अप्पांच्या तोंडून "माझं चुकलं" हे शब्द मी ऐकलेले नव्हते. फोन अडला की ते फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरतात आणि विचारतात, "हे बनवणारा कोण? त्याला आईबाप आहेत का?"

डॉन नॉर्मन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९८८ साली ह्याच विषयावर एक पुस्तक लिहिलं. दार ढकलायचं की ओढायचं हे माणसाला कळलं नाही, तर दोष दाराचा, असं त्यात आहे. अशा दारांना आमच्या धंद्यात आजही 'नॉर्मनचं दार' म्हणतात. अप्पांनी ते पुस्तक वाचलेलं नाही, पण मुखपृष्ठ पाहिलंय. मुखपृष्ठावर एक किटली आहे, तिची तोटी आणि मूठ एकाच बाजूला. फ्रेंच चित्रकार जाक कारेलमानची ही कल्पना. चहा ओतायला गेलं की तो ओतणाऱ्याच्याच हातावर. जगभरचे लोक ते चित्र बघून हसतात. अप्पा हसले नाहीत. "पाहुणा लवकर जावा म्हणून केली असेल," म्हणाले.

कारण अप्पांचं सगळं शास्त्र पाहुण्यापासून सुरू होतं. घरी माणूस आला तर आपण काय करतो? आधी बस म्हणतो, पाणी देतो. मग कुठून आलात, मग जेवणार का. "आणि ह्यांचं बघ," फोनवर बोट आपटत अप्पा म्हणतात. "दारातच उभं करून नाव, बापाचं नाव, आडनाव, मोबाइल, ईमेल, पिनकोड. आणि एवढं सांगून आत जावं तर म्हणतो, आम्हाला पाच चांदण्या द्या. अरे, अजून मी चपला काढल्या नाहीत!"

आता खानावळीतली एक गोष्ट सांगतो, म्हणजे अप्पा काय चीज आहेत ते कळेल. गिऱ्हाइकाने पापलेट सांगितलं की अप्पा मागे वळायच्याही आधी खणखणीत आवाजात ओरडतात, "आलं!" येत काहीच नाही. पापलेट अजून मामीच्या हातात मसाला लावून घेत असतं, यायला वीस मिनिटं आहेत. पण गिऱ्हाईक खुर्चीत सैल होतं. दहा मिनिटांनी अप्पा नुसतेच एक सोलकढी ठेवून जातात आणि जाता जाता सांगतात, "तव्यावर गेलं." आणखी पाच मिनिटांनी, "उलटलं." जेकब नील्सन नावाचा ह्या विद्येतला एक मोठा माणूस सांगून गेलाय की सेकंदाच्या दहाव्या हिश्शात उत्तर मिळालं तर माणसाला ते लगेच मिळाल्यासारखं वाटतं, सेकंदाच्या आत मिळालं तर विचाराची साखळी तुटत नाही, आणि दहा सेकंद लोटले की त्याचं लक्ष उडतं, मग त्याला काम कुठवर आलंय हे सांगत राहावं लागतं. अप्पांची तिन्ही उत्तरं त्यात बसतात. स्क्रीनवर गोल गोल फिरणारं चक्र मात्र त्यांना सहन होत नाही. "हा घाण्याचा बैल. फिरतोय दिसतं. तेल किती निघालं ते सांगत नाही."

दुसरी गोष्ट चोपडीची. कोण आलं, किती दिवस, किती जेवणं, हे सगळं अप्पा लांबड्या चोपडीत लिहितात, आणि पेन्सिलीने. पेन्सिल कानावर, मागे रबर. पाहुण्याचा बेत बदलतो, एक दिवस वाढतो, एक माणूस कमी होतो, शाकाहारी म्हणून आलेला संध्याकाळी बोंबलाच्या वासाने माणसांत येतो. अप्पा खोडतात, लिहितात. पाहुणा निघाला की हिशेबावर पेनाने गिरवायचं. कॉम्प्युटरमध्ये केलेलं पुसून मागे जाता येतं ही सोय माणसाचा केवढा धीर वाढवते, हे मी ऑफिसात तीन वर्षं स्लाइड दाखवून सांगतोय. ती चोपडी नेऊन टेबलावर ठेवली असती तर एका बैठकीत काम झालं असतं.

अप्पांचं आणि फोनचं खरं वैर मात्र गावाच्या नावावरून आहे.

महाराष्ट्रात कळंब कमी नाहीत. धाराशिव जिल्ह्यात एक, तो तालुका. यवतमाळ जिल्ह्यात एक, तोही तालुका, तिथला चिंतामणी प्रसिद्ध. पुण्याकडे आंबेगाव तालुक्यात एक. नेरळच्या पुढे कर्जत तालुक्यात एक. शिवाय कोल्हापूरजवळ कळंबा, पनवेलजवळ कळंबोली. ह्या सगळ्यांत आमचं कळंब यादीत खाली. हवामान बघायला जावं तर फोन यवतमाळचं दाखवतो. मे महिन्यात समुद्रावरचा वारा अंगावर घेत, ओट्यावर बनियनमध्ये बसून अप्पा बातमी वाचतात की आज कळंबला त्रेचाळीस. "उष्माघात होईल म्हणतोय मला," असं म्हणून ते शाल मागतात.

त्यात 'ळ'. इंग्रजीतून टंकायला गेलं की 'कलंब' येतं. दुसऱ्यांदा 'कॉलम' येतं. एकदा फोनने 'कलंक' सुचवलं आणि अप्पांनी तो निरोप मामेभावाला तसाच पाठवला: 'उद्या कलंकला ये.' मग मी त्यांना आयआयटी मुंबईत प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला 'स्वरचक्र' हा कीबोर्ड घालून दिला. त्यात 'क'वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु फेर धरून उभे राहतात, हवा त्याच्याकडे बोट सरकवायचं. अप्पांनी अख्खी बाराखडी एकदा फिरवून पाहिली. "हे आमच्या गुरुजींना विचारून केलेलं दिसतंय," म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठी पावती मी ऐकलेली नाही.

तर, मधल्या काळात कोणीतरी त्यांच्या खोल्या एका बुकिंगच्या ॲपवर चढवून दिल्या. जन्मतारीख घालताना वर्षांची पट्टी चालू सालापासून सुरू झाली. अप्पांचा जन्म १९५२ चा. अंगठ्याने ओढत ओढत ते मागे चालले. २००८ ला थांबून पाणी प्यायले. "आमच्या विहिरीवर रहाट होता," म्हणाले, "पण तो ओढायला बैल असायचा." जिल्हा निवडायचा तर यादीत पालघरच नाही. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, यादी त्याच्या आधीची असावी. ठाणे निवडलं तर गावांत कळंब नाही. शेवटी ज्याने चढवून दिलं त्याने गाव टंकलं, आणि खाली उघडलेल्या यादीतलं पहिलं कळंब दाबून मोकळा झाला.

दिवाळीनंतरच्या शनिवारी अप्पांनी सहा माणसांची कोलंबी आणून ठेवली. बाराला फोन आला. "काका, आम्ही नेरळला उतरलोय. समुद्र कुठल्या बाजूला?"

अप्पांनी डोळे मिटून घेतले. मग अत्यंत शांतपणे त्या बाईंना सांगितलं की ताई, तुमच्यासमोर जो डोंगर दिसतोय त्यावर माथेरान आहे, तिथे जा, छान आहे, पैसे मी परत देतो. ते परत देण्यासाठी बुकिंग रद्द करायला गेले, तर खिडकी उघडली: 'तुम्हाला खरंच रद्द करायचं आहे का?' खाली दोन बटणं, 'रद्द करा' आणि 'ठीक आहे'. दोन्ही करड्या रंगाची, दोन्ही सारख्या मापाची.

मी त्या दिवशी तिथेच होतो. अप्पांनी फोन माझ्यापुढे धरला. "सांग. तू ह्यातला. रद्द करायचं रद्द करू, की रद्द करणं ठीक आहे?"

मला सांगता आलं नाही. मामी आतून म्हणाल्या, "हे म्हणजे 'तुम्ही जेवणार नाही ना?' असं विचारल्यासारखं. हो म्हटलं तरी उपाशी, नाही म्हटलं तरी संशय." सहा माणसांची कोलंबी आम्ही तिघांनी संपवली. मला त्या प्रसंगाबद्दल फारसं वाईट वाटत नाही.

यंत्रांत अप्पांचं एकाच यंत्रावर प्रेम आहे: मतदानाचं यंत्र. त्यावरचे वाद त्यांना पाठ आहेत, चावडीवर त्यांत ते दोन्ही बाजूंनी बोलतात. पण बटणाची गोष्ट निघाली की आवाज मऊ होतो. "नाव आहे, चिन्ह आहे, शेजारी निळं बटण. दाबलं की दिवा लागतो, लांब आवाज येतो. बाहेरच्यालाही कळतं की म्हातारीचं मत पडलं. पुढे काय? काही नाही. घरी जा. 'आमचं यंत्र कसं वाटलं' विचारत नाही, 'ज्यांनी ह्यांना मत दिलं त्यांनी ह्यांनाही दिलं' असं सांगत नाही." पुढे चिठ्ठीचं यंत्र जोडलं, काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि पडते. अप्पांना तेही पसंत. मी त्यांना सांगितलं की ह्या यंत्राचं रूप आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमधल्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या ह्या प्राध्यापकांनी आखलं, आणि २००४ च्या लोकसभेला देशभर हीच यंत्रं होती. अप्पा म्हणाले, "पवईला का? मग जवळच आहे. एकदा जाऊन केळी देऊन येऊ." खरोखर जायला निघाले होते. मीच टाळलं.

नील्सनचंच आणखी एक म्हणणं आहे की नवीन स्क्रीन तपासायला शेकडो माणसं लागत नाहीत, पाच बसवली तरी बहुतेक चुका हाती लागतात. आमच्या ऑफिसात ती पाच माणसं म्हणजे शेजारच्या टेबलावरची पाच, वय पंचविशीच्या आसपास, सगळ्यांचे फोन नवे. म्हणून गेल्या पावसाळ्यात मी एका रविवारी आमचं नवं काम, पाहुण्यांच्या खोल्यांची नोंद ठेवायचं ॲप, घेऊन कळंबला गेलो. आम्ही त्यावर पाच महिने घालवले होते. रंग असे फिके निवडले होते की बक्षीस मिळावं.

अप्पा नुकतेच केळीचे घड उतरवून आले होते. बोटांना चीक, नखांत माती, हात धुतलेले पण ओले. "थांबा अप्पा, हात पुसा," मी म्हटलं.

"का? माझ्याकडे गिऱ्हाईक येतं तेव्हा माझे हात कोरडे असतात का?"

ओलं बोट स्क्रीनने ओळखलं नाही. एक चूक. हात पुसले. अप्पांचा अंगठा वाडीत काम केलेला, पुढून चपटा झालेला. ते 'जतन करा' दाबायला गेले, शेजारचं 'काढून टाका' दाबलं गेलं. दोघांत गव्हाच्या दाण्याएवढं अंतर आम्ही ठेवलं होतं, दिसायला सुबक म्हणून. पॉल फिट्सने १९५४ सालीच दाखवून दिलंय की लक्ष्य जितकं लहान आणि जितकं लांब, तितका ते गाठायला वेळ लागतो. हे मला परीक्षेत आलं होतं, पूर्ण गुण होते. मग अप्पा ओट्यावर आले, ढगांतून थोडं ऊन पडलं, आणि आमची बक्षीसपात्र फिकी अक्षरं स्क्रीनवरून नाहीशी झाली. "संपलं का?" अप्पांनी विचारलं. मग वरच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांवर त्यांचं बोट थांबलं. सगळं महत्त्वाचं त्यांच्या आत होतं.

"ह्या काय?"

"त्या दाबल्या की बाकीचं उघडतं."

"कशावरून?"

मी गप्प.

"तीन रेघा म्हणजे मला भस्म वाटलं," अप्पा म्हणाले. "म्हटलं, शंकराचा भक्त दिसतोय बनवणारा."

सात मिनिटांत अकरा चुका निघाल्या, मी मागच्या पानावर लिहून घेतल्या. अप्पांनी फोन परत केला आणि सावकाश, समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "हे बघ, तुमची पोरं हुशार आहेत. पण त्यांच्याकडे कोणी पाहुणे येत नाहीत वाटतं."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? विषय बदलावा म्हणून चहा करायला मी आत गेलो. मामी माहेरी निर्मळला गेल्या होत्या. अप्पाही मागून आले. दूध सापडलं, पावडर सापडली, साखर मात्र दिसेना. फळीवर एकोणीस डबे. 'साखर' असं लेबल असलेल्या डब्यात लवंगा-दालचिनी. बोर्नव्हिटाच्या डब्यात सुके जवळे. 'साबुदाणा' उघडला तर पांढरं, बारीक, चमकणारं. अप्पांनी चव न बघता तीन चमचे टाकले. पहिल्या घोटाला आम्ही एकमेकांकडे बघितलं. मीठ होतं.

अप्पांनी मामीला फोन लावला, स्पीकरवर. मी जरा सरसावून बसलो. हे बनवणारा कोण, त्याला आईबाप आहेत का, हे आता येणार, आणि आईबाप तर पलीकडे त्याच घरात बसलेले.

"अगं, साखर कुठेय?"

"डावीकडून चौथा. चिवड्याचा."

"चिवड्याच्या डब्यात साखर?"

"मुंग्यांना कळू नये म्हणून. वीस वर्षं तिथेच आहे. तुम्ही काय घातलंत?"

मागे मामीच्या वहिनींचा आवाज आला, काय झालं म्हणून. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकोणीस डब्यांकडे, आणि खाली मान घालून म्हणाले, "काही नाही. माझंच चुकलं."

फोन ठेवला. कप मोरीत ओतले. थोडा वेळ फळीकडे बघत उभे राहिले आणि मग आवाज खाली आणून मला म्हणाले, "ती यायला तासभर आहे. नेलपॉलिशची बाटली काढ."

"कुठेय?"

"ह्याच फळीवर," अप्पा म्हणाले. "कुठल्यातरी डब्यात."